बिनक्लचची पिकअप

संपादकांचा निरोप आला, "गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा. दिवाळी आहे, वाचक खूश झाले पाहिजेत." आयुष्यभर मी गाड्यांचे गिअरबॉक्स उघडले. आत काळं तेल, लोखंडाचा चुरा आणि मालकांचा अतिशहाणपणा, एवढंच सापडलं. गंमत सापडली असती तर लपवून ठेवली नसती. तेव्हा जे सापडलं तेच लिहितो. वाचक खूश होतील याची हमी देत नाही. ती मी गिअरबॉक्सचीही देत नसे.

माझं घर शुक्रवार पेठेत आणि गॅरेज म्हणजे अक्कलकोट रस्त्याला एक पत्र्याचं शेड. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि न निघणाऱ्या नटबोल्टाशी दख्खनी, अशी आमची भाषांची वाटणी होती. इंजिनाला मी हात लावत नसे. इंजिनवाले मिस्त्री वेगळे, त्यांचा रुबाब वेगळा. गाडी चांगली पळाली की लोक म्हणणार, काय इंजिन आहे! चढाला दम तोडला की मात्र माझ्याकडे आणणार. सुनेच्या हातची भाजी चांगली झाली तर मसाला चांगला आणि बिघडली तर सून वाईट, त्यातला हा प्रकार.

बाहेरच्या माणसाला एवढंच सांगतो की इंजिन भरभर फिरतं पण त्याच्या अंगात जोर कमी असतो. मधे लहानमोठी दातेरी चक्रं घातली की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. इंजिनाचे किती फेरे झाले की मागच्या लांब शाफ्टचा एक फेरा होतो, हा आमच्या धंद्याचा सगळा हिशेब. पहिल्या गिअरला फेरे जास्त, म्हणून जोर जास्त. वरच्या गिअरला फेऱ्याला फेरा, म्हणून गाडी पळते. दोन्ही एकदम मिळत नाही. हे एवढं साधं सत्य मी गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो आणि जन्मभर कुणी ऐकलं नाही.

वळसंगचे एक ट्रकवाले होते. शेजाऱ्याचा ट्रक आपल्या पुढे जातो, हे त्यांना सहन होईना. मी नको नको म्हणत असताना त्यांनी मागच्या धुऱ्यातली चक्रं बदलून घेतली, कमी फेऱ्यांची. ट्रक पळायला लागला. पेढे आले. पुढच्या हंगामात उसानं भरलेला ट्रक ओढ्याच्या चढावर उभा राहिला तो हलेचना. मग गावात सांगत सुटले, मल्लूनं, म्हणजे मी, खोटा माल घातला. पेढे मात्र परत मागितले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. असे लोक. यांच्यावर राग धरायचा म्हटलं तर धंदाच बंद करावा लागला असता.

पण एका गाडीचा राग मी धरला आणि अजून सोडलेला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे बोअर मारायला एक परदेशी पथक आलं होतं. पाणी कुठं लागलं, कुठं नाही, ते लोक परत गेले आणि त्यांच्या दोन पिकअप लिलावात निघाल्या. एक निळी, एक पांढरी. दोन्हींचं स्टीअरिंग डाव्या हाताला आणि दोन्हींना क्लच नाही. गिअर आपोआप पडणार. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, बस्स. सोलापुरात तोवर असली गाडी कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे बघायला गर्दी आणि घ्यायला कुणी नाही. लोखंडाचे व्यापारी शांतप्पा सावकार तेवढे पुढे झाले, कारण कुणी घेत नाही ती वस्तू आपण घ्यावी हा त्यांचा नेमच होता. दोन्हींतली कुठली घ्यायची हे ठरवायला त्यांनी मला नेलं.

साध्या गाडीचे फेरे मोजायला मी पुढच्या पुलीवर आणि मागच्या शाफ्टवर खडूची रेघ मारायचो आणि हॅण्डल फिरवून मोजायचो. इथं ती युक्ती चालेना. या गाड्यांत इंजिन आणि चक्रं यांना जोडणारं लोखंडच नव्हतं. तेलानं भरलेल्या एका डब्यात दोन पंखे समोरासमोर. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या रेट्यानं दुसरा फिरतो. हळू फिरवलं तर नुसतं तेल हलतं. मग दोन्ही गाड्यांत सारख्या गोण्या भरल्या आणि लिलावाच्या आवाराबाहेरच्या चढावर एकेक घातली. निळी ओरडली, थोडी गेली आणि मधेच थांबली. इंजिन चालू, चाकं उभी. पांढरी मात्र सावकाश निघाली, अर्ध्यात एकदा दम बदलला आणि वर गेली. आधी सपाटीवर निळीचा आवाज एकदाच बदलला होता, पांढरीचा दोनदा.

"निळीत दोनच गिअर हायत, सावकार. पांढरीत तीन," मी सांगितलं. "माडी तेवढीच, पायऱ्या दोन का तीन, एवढाच फरक. ओझं घेऊन चढायचं तर तीनच बऱ्या."

पुढे पांढरी घेतल्यावर मी ती उघडून दाते मोजले. पहिल्या गिअरला अडीच फेऱ्यांच्या आसपास, दुसऱ्याला दीड, तिसऱ्याला सरळ एकाला एक. निळी पुढे भंगारात निघाली तेव्हा तिचेही मोजले, पहिल्याला दोन फेरेसुद्धा नव्हते. माझा अंदाज खरा ठरला, तरी सावकारांनी श्रेय आपल्या नजरेलाच दिलं.

आता चालवायची कुणी? पहिला ड्रायव्हर बसला. क्लच मारायच्या सवयीनं त्याचा डावा पाय जोरात खाली आला आणि तिथल्या रुंद ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली. शेजारी बसलेल्या सावकारांचं कपाळ काचेवर गेलं आणि काचेवर विभूतीचे तीन पट्टे उमटले. दुसरा ड्रायव्हर आला, त्यानंही तेच केलं. पायाची सवय डोक्याचं ऐकत नाही. तिसऱ्या वेळी सावकार गाडीत बसलेच नाहीत.

"ज्याला डावा पाय न्हाय, आसा मानूस बगा," मी म्हणालो. त्यांना चेष्टा वाटली. मी दस्तगीरचं नाव घेतलं.

दस्तगीर मुंबई मार्गावरचा नावाजलेला ट्रक ड्रायव्हर. मोकळ्या रस्त्यावर चाक बदलताना जॅक घसरला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. लाकडी पाय लावून तो भावाच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत बसायचा. पूर्वी त्याला हाक मारताना लोक 'ड्रायव्हरसाब' म्हणत. नंतर लंगडा म्हणायला लागले, तेही तोंडावर. दुकानावरून एखादा ट्रक गेला की तो मान वर करायचा नाही, पण गिअर चुकीचा पडला तर त्याच्या कपाळाला आठी पडायची. मी ती पाहिली होती.

तो आला. लाकडी पाय एका अंगाला ठेवला, उजव्या पायानं ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी घेऊन गेला. बराच वेळ आला नाही. सावकार घाबरले. मग पिकअप हळूच येऊन शेडसमोर उभी राहिली. त्यानं इंजिन बंद केलं नाही.

"मास्तर," तो मला म्हणाला, "ये गाडी मेरेकू पुछतीच नै, की दुसरा पाँव किधर है."

लायसन्स जुनंच चालत राहिलं. त्याच्यावर पाय किती आहेत हे लिहायची सोय नव्हती आणि कुणी विचारलंही नाही.

ती गाडी दस्तगीरनं जशी चालवली तशी ती तिच्या देशातही कुणी चालवली नसेल. कुठल्या वेगाला गिअर बदलणार हे त्याला ऐकू यायचं. त्याआधी तो पाय जरासा उचलायचा, म्हणजे आतल्या चक्रांना धक्का नको. सळया, पत्रे, रंगाचे डबे भरून करमाळ्याला, तुळजापूरला जायचा. घाट चढताना गिअरची दांडी आधीच खालच्या गिअरला ओढायचा आणि उतरतानाही तिथंच ठेवायचा, इंजिन चालू ठेवून. लोक पुन्हा ड्रायव्हरसाब म्हणायला लागले. बाजारात तो काठी न घेता चालायचा. लाकडी पाय टकटक वाजायचा तर वाजू द्यायचा.

मग पेट्रोल महागलं. आमच्या भागात उतार लागला की इंजिन बंद करून, न्यूट्रल मारून गाडी सोडायची जुनी पद्धत. ट्रकवाले, टेम्पोवाले, सगळेच तसं करत. उतारावर इंजिन चालू ठेवणारा ड्रायव्हर म्हणजे नळ उघडा ठेवून झोपणारी बाई. सोलापुरात याहून मोठा गुन्हा नाही. सावकारांनी दस्तगीरला सांगून पाहिलं. तो ऐकेना. मग ते माझ्याकडं आले.

"का रं मल्लू, उतारावर गाडी आपसूक जातीय की. मग ह्यो पेट्रोल कशाला जाळतोय?"

"सावकार, ह्या गाडीत तेल फिरवनारा पंप इंजिनावर चालतोय. इंजिन बंद, की पंप बंद. चाकं तर फिरतच ऱ्हात्यात, आतली चक्रं फिरत्यात, तेल मात्र न्हाय. कोरडी फिरून जळून जाईल."

"बरं, बरं. ऱ्हाऊ दे मग," सावकार म्हणाले आणि मान हलवून गेले. मला वाटलं, पटलं.

सावकारांचा मेहुणा गुरुसिद्ध. पोरगा वाईट नव्हता, वागायला नम्र, मला मल्लूअण्णा म्हणायचा, दस्तगीरला चाचा. डावा पाय ब्रेकपासून आखडून धरायला तो दस्तगीरकडूनच शिकला होता. शुक्रवारी दस्तगीर नमाजला जायचा, तेव्हा पिकअप गुरुसिद्ध न्यायचा. तुळजापूरला शुक्रवारी गर्दी, माल पोचवावाच लागे. हे सगळं आम्हाला माहीत होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

एका सोमवारी तुळजापूरचा घाट चढताना भरलेली गाडी दस्तगीरच्या हातात मेली. इंजिन ओरडतंय आणि गाडी मागं चाललीय. त्यानं ब्रेकवर धरली, हमालानं चाकाखाली धोंडा लावला. ओढून आणायला ट्रक आला तेव्हा हा लाकडी पायाचा माणूस रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली गेला, मागचा शाफ्ट स्वतः सोडवला आणि मगच दोर बांधू दिला. नाहीतर चाकांनी आतली चक्रं कोरडी फिरवली असती. मेलेल्या गाडीचीसुद्धा त्याला एवढी काळजी.

मी खालचं तेलपात्र उतरवलं तेव्हा सावकार, गुरुसिद्ध आणि दस्तगीर तिघंही समोर उभे होते. तेल डांबरासारखं झालेलं. जळका वास सगळ्या शेडभर. गिअर पकडणाऱ्या प्लेटांची अस्तरं खपल्यांसारखी निघून तळाशी बसलेली आणि मागचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, तापून निळा पडलेला.

"लंगड्याच्या हातात गाडी दिली, त्याचं फळ," सावकार म्हणाले.



"सावकार, ही एका दिवसात जळल्याली न्हाय," मी म्हणालो. "ही पुन्हा पुन्हा बिनतेलाची फिरलीय. उतारावर इंजिन कोन बंद करत हुतं?"

यावर कुणाची तरी मान खाली जाईल, असं मला वाटलं होतं. गुरुसिद्ध पुढं झाला. चेहऱ्यावर निर्मळ फुशारकी.

"मी करतोय की बंद. दर शुक्रवारी. घाटमाथ्यावर बंद केली की पार खालच्या पुलापतूर थेंब जाळत न्हाय मी, दाजी. चाचांनाच जमत न्हाय ते."

आणि सावकारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बगितलंस मल्लू? ह्याला म्हनत्यात घरचा मानूस."

मी पुन्हा सांगितलं. पंप हातात घेऊन दाखवला, इंजिनाकडून त्याला कुठून फेरा मिळतो ते बोट ठेवून दाखवलं. निळा पडलेला बुश त्यांच्या हातात दिला. सावकार धंद्यातले मुरलेले होते, लोखंड ओळखत होते. त्यांना कळलं. ते मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, म्हणून तर इतकी वर्षं राग टिकला. न कळलेल्या माणसाला माफ करता येतं.

बुश त्यांनी बाकावर ठेवला आणि म्हणाले, "आसंल बाबा तुजं खरं. पन जी गाडी उतारावर बंद करता येत न्हाय, ती काय गाडी म्हनायची?"

मी म्हणालो, पुण्याहून अस्तर मागवतो, प्लेटांना लावतो, महिनाभर द्या, पूर्वीसारखी करून देतो. मला ते जमलं असतं. त्यांनी हात झटकला. आपोआप गिअरची ती भानगड काढून टाक, म्हणाले, आणि जुन्या बाजारातून क्लचवाला चार गिअरचा बॉक्स आणून बसव. गाडी घरातल्या सगळ्यांना चालवाय आली पायजे.

"मग ती दुसऱ्याकडं न्या," मी म्हणालो. "मी हात लावनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी दस्तगीर आला. काठी घेऊन आला होता.

"मास्तर, काम तूच कर."

"तुज्या पोटावर पाय द्यायला सांगतोस व्हय मला?"

"कोई तो करेंगाच ना रे. गाडी का क्या कसूर है? दुसरा कोई फर्श काटेंगा तो टेढा काटेंगा, शाफ्ट आवाज करेंगा. नक्को. तू कर." मग म्हणाला, "हौ बोल."

मी हो म्हणालो. त्याच्यासमोर नाही म्हणता आलं नाही.

काम चांगलं केलं. राग होता म्हणून हात वाकडा चालू दिला नाही. फेऱ्यांच्या हिशेबानं पाहिलं तर नवा बॉक्स सरसच होता. त्याच्या पहिल्या गिअरला साडेसहाच्या आसपास फेरे, जुन्याच्या दुपटीहून जास्त. खडूनं मोजता येत होते, हॅण्डल फिरवून. दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून एखाद्या परक्या मिस्त्रीला विचारलं असतं तर त्यानंही हाच निवडला असता, आणि हिशेबात त्याचं चुकलं नसतं. दस्तगीरचा पाय कुठल्या दात्यांत मोजायचा? ड्रायव्हरच्या डाव्या पायाखालचा पत्रा मी सरळ कापला आणि त्या जागी क्लचचा पेडल बसवला. स्प्रिंग तीनदा बदलली. जेवढा हलका करता आला तेवढा केला. कुणासाठी करत होतो ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

गाडी न्यायला सावकार नारळ घेऊन आले, बरोबर गुरुसिद्ध. चावी दस्तगीरकडं होती, म्हणून तोही आला. नारळ फुटला, खोबरं वाटलं. दस्तगीरच्या हातावर तुकडा ठेवत सावकार म्हणाले, "तुला काडलं न्हाय हां मी. मागं मालावर बसत जा. सळया पडल्या-बिडल्या तर ध्यान पायजे."

"जी," दस्तगीर म्हणाला. मग म्हणाला, "सावकार, एक बार बैठू क्या?"

"बस की."

तो स्टीअरिंगवर बसला. इंजिन चालू केलं. लाकडी पाय दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवला. मग गुडघ्यावर दोन्ही पंजे ठेवून सगळं अंग त्यावर टाकलं. पेडल खाली गेला. पण आता दांडीला हात उरला नव्हता.

"मास्तर, पहला डाल."

मी उजव्या खिडकीतून आत वाकलो आणि पहिला गिअर टाकला. गाडीला पहिला गिअर मी आयुष्यात हजारदा टाकला असेल, त्या दिवशी दांडी हातातून सोडवेना. त्यानं गुडघ्यावरचा भार हळूहळू कमी करायला सुरुवात केली. खूप हळू. पण लाकडाला घोटा नसतो. पेडल निसटला, गाडीनं एक हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं.

कुणी हसलं नाही. गुरुसिद्धनं मान दुसरीकडं वळवली. दस्तगीरनं दोन्ही हातांनी पाय उचलून पेडलवरून खाली ठेवला.

"क्लच हल्का रक्खा तू," तो मला म्हणाला. "अच्छा किया. गुरुसिद्ध के पाँव कू तकलीफ नै होएंगी."

चावी त्यानं गुरुसिद्धच्या हातात दिली, काठी टेकत मागं गेला आणि सळयांवर चढून बसला. मागची फळी मी लावली.